डोंगरधारेवरून शिकारी पक्षी कसे मोजतात, आणि तो आकडा नेमकं काय सांगतो

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. तिच्या धारेवरच्या एका खडकाळ टोकावर, हॉक माउंटनवर, दर वर्षी १५ ऑगस्टपासून १५ डिसेंबरपर्यंत कुणी ना कुणी दुर्बीण घेऊन बसलेलं असतं. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी मोजायचे, एवढंच त्यांचं काम. बाज, ससाणे, गरुड, गिधाडं, जे जाईल ते. एका हंगामात सरासरी अठरा हजारांच्या घरात पक्षी नोंदले जातात. ही मोजणी १९३४ साली सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली तर आजतागायत चालू आहे.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन शंका येतात. आकाश एवढं अफाट, मग एका खडकावर बसून मोजणार तरी किती? आणि मोजले, तरी अठरा हजार हा आकडा नेमका कशाचा?

दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. हा आकडा पक्ष्यांच्या एकूण संख्येचा नाही. टोलनाक्यावर दिवसभर गाड्या मोजल्या म्हणून राज्यात गाड्या किती आहेत ते कळत नाही. पण नाका तोच, तास तेच आणि पद्धतही तीच ठेवून वर्षानुवर्षं मोजत राहिलं, तर रहदारी वाढतेय की घटतेय याचा अंदाज येऊ लागतो. डोंगरावरच्या मोजणीचं सगळं बळ या ‘तेच, तिथेच, तसंच’मध्ये आहे. तिच्या मर्यादाही तिथूनच निघतात.

मग थेट घरट्यांपाशीच जाऊन का मोजत नाहीत? कारण शिकारी पक्षी विरळ राहतात. एकेका जोडीला मोठा मुलूख लागतो. त्यातल्या कित्येक जाती कॅनडाच्या उत्तरेकडच्या निर्मनुष्य जंगलांत घरटी करतात आणि तिथे फारसा आवाजही करत नाहीत. हजारो चौरस किलोमीटर जंगल पालथं घालून प्रत्येक घरटं शोधणं कुणालाच परवडणारं नाही. शरद ऋतूत मात्र हेच पक्षी आपण होऊन खाली येतात, तेही ठरावीक वाटांनी. त्यांच्या मागे रानोमाळ हिंडण्यापेक्षा वाटेवर बसणं शहाणपणाचं.

वाट डोंगरावरूनच का जाते?

पंख मारत उडणं फार महाग पडतं. ब्रॉड-विंग्ड हॉक हा बाज वजनाला जेमतेम चारशे-साडेचारशे ग्रॅमचा, आणि त्याला उत्तर अमेरिकेच्या जंगलांतून दक्षिण अमेरिकेपर्यंत हजारो किलोमीटर जायचं असतं. ही सगळी वाट पंख मारत कापायची म्हटली, तर शरीरावरची चरबी पुरायची नाही. म्हणून हे पक्षी हवेच्या जिवावर प्रवास करतात. कुठेतरी हवा वर चढत असते, तिच्यावर स्वार व्हायचं, उंची मिळवायची आणि मग पंख पसरून घसरत पुढे जायचं.

हवा मुख्यतः दोन कारणांनी वर चढते. एक म्हणजे ऊन. जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. उघडा खडक आणि नांगरलेलं रान लवकर तापतं, झाडी आणि पाणी उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन वर निघते. गरम हवेच्या अशा स्तंभाला थर्मल म्हणतात. पक्षी त्यात शिरतो, गोल गोल घिरट्या घेत शेकडो मीटर, कधी किलोमीटरभरही वर चढतो आणि स्तंभाचा जोर संपला की पुढच्या थर्मलच्या दिशेने घसरत निघतो. एका थर्मलमध्ये कधी एक पक्षी असतो, कधी पाचशे. अशा घिरट्या घालणाऱ्या थव्याला मोजणारे ‘केटल’ म्हणतात.

दुसरं कारण म्हणजे वारा आणि डोंगर. रांगेला आडवा येणारा वारा उताराला धडकतो आणि पुढे जायला जागा नसल्यामुळे वर ढकलला जातो. मग धारेच्या वर, रांगेच्या पूर्ण लांबीभर, वर चढणाऱ्या हवेचा एक पट्टा तयार होतो. या पट्ट्यात पक्ष्याला घिरट्याही घालाव्या लागत नाहीत. पंख थोडे आखडून तो धार धरून सरळ जात राहतो. किटाटिनी रांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेली आहे. शरदात थंड हवेची आघाडी पुढे सरकली की तिच्यामागून वायव्येचा वारा सुटतो आणि तो या रांगेला जवळजवळ काटकोनात धडकतो. म्हणूनच अनुभवी मोजणारे आदल्या रात्री हवामानाचा नकाशा बघतात. आघाडी गेली, वारा वायव्येचा झाला, की उद्या पहाटेच डोंगर गाठायचा.

जमिनीचा आकार जिथे याहून जास्त आवळला जातो, तिथे आकडे डोळे फिरवणारे असतात. पाण्यावर थर्मल क्षीण असतात, त्यामुळे पंख पसरून तरंगणारे मोठे पक्षी समुद्र ओलांडायला बिचकतात आणि किनाऱ्याच्या कडेने जातात. मेक्सिकोत व्हेराक्रूझ राज्यात एका बाजूला पूर्वेकडची सिएरा माद्रे पर्वतरांग आणि दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचं आखात, मध्ये सपाटीची चिंचोळी पट्टी. उत्तर अमेरिकेतले ब्रॉड-विंग्ड हॉक, स्वेन्सन्स हॉक आणि टर्की व्हल्चर मिळून दर शरदात इथून चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. जॉर्जिया या देशात बातुमीजवळ काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर मिळून तशीच खिंड तयार होते. तिथे २००८ पासून मोजणी चालते आणि मोहोळ घारी, बाज, घारी असे दहा लाखांच्या वर पक्षी मोजले जातात. त्यांच्यापुढे हॉक माउंटनचे अठरा हजार किरकोळ वाटतील. पण १९३४ पासूनची मालिका बातुमीकडे नाही, व्हेराक्रूझकडेही नाही.

हजार पक्ष्यांचा थवा मोजायचा कसा?

एकेकटा पक्षी मोजणं सोपं असतं. कस लागतो तो सप्टेंबरच्या मध्यावर. ब्रॉड-विंग्ड हॉकचा सगळा प्रवास त्या दोन-तीन आठवड्यांत उरकतो आणि आकाशात केटल दिसू लागतात. १४ सप्टेंबर १९७८ या एका दिवशी हॉक माउंटनवर एकवीस हजारांहून जास्त ब्रॉड-विंग्ड हॉक नोंदले गेले. म्हणजे सरासरी हंगामात सगळ्या जातींचे मिळून जेवढे जातात, त्याहून जास्त एका दिवसात, एकाच जातीचे.

नवखा माणूस घिरट्या घालणारा थवाच मोजायला जातो आणि फसतो. कोण आत, कोण बाहेर, कोणाला मोजलं, काही कळत नाही. कसलेला मोजणारा तेव्हा हातसुद्धा हलवत नाही. तो थांबतो. थर्मलच्या माथ्यावर पोचलेले पक्षी एकामागून एक बाहेर पडतात आणि एका दिशेने रांगेत घसरू लागतात. मोजायची वेळ ती. दुर्बीण एका जागी धरायची, नजरेपुढे एक काल्पनिक रेघ मानायची आणि रेघ ओलांडणारा प्रत्येक पक्षी हातातल्या क्लिकरवर नोंदवायचा. रांग दाट असेल तर पहिले दहा नीट मोजून घ्यायचे, दहा पक्षी दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवायचं आणि पुढे दहा-दहाने मोजायचं. पक्षी फारच असतील तर शंभराने. हा अंदाजच असतो, पण शिस्तीतला अंदाज.

रेघेचा आणखी एक उपयोग होतो. डोंगरावर स्थानिक पक्षीही असतात. तिथेच राहणारं गिधाड दिवसात पाच वेळा समोरून जाईल. ते पाच पक्षी नव्हेत आणि प्रवासीही नव्हेत. म्हणून दक्षिणेकडे रेघ ओलांडून दिसेनासा झालेला पक्षीच धरायचा, असा नियम असतो.

चार-पाच जण मिळून आकाश बघत असतील, तर एकाने पाहिलेला पक्षी दुसऱ्याला दाखवता आला पाहिजे. ‘तो बघ, तिकडे’ म्हणून निळ्या आकाशात काहीच सापडत नाही. म्हणून क्षितिजावरच्या खुणांना नावं दिलेली असतात. हॉक माउंटनवर समोरच्या धारेवरच्या उंचवट्यांना चक्क एक ते पाच आकडे दिले आहेत. ‘तीनच्या वर, दोन बोटं’ एवढं म्हटलं की सगळ्यांच्या दुर्बिणी तिकडे वळतात.

आणि निळं आकाश. फिरायला आलेल्यांना ते आवडतं, मोजणारे त्याला वैतागतात. स्वच्छ निळाईत नजरेला टेकायला काही नसतं आणि उंचावरचा ठिपका चटकन सुटतो. ढग असले की त्यांच्या पार्श्वभूमीवर पक्षी उठून दिसतो. दुपारी तर गंमतच होते. ऊन चढलं की थर्मल जोरात येतात, पक्षी इतके वर जातात की दिसतच नाहीत, आणि वहीत तासभर काहीच नोंद होत नाही. आकाश रिकामं नसतं, आपली नजर पोचत नसते. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी या आकड्यांबद्दलचे निम्मे गैरसमज टळतील.

ठिपक्याचं नाव

नुसतं मोजून भागत नाही, जात ओळखावी लागते. अंतर एवढं असतं की रंग आणि पिसांची नक्षी विसरायची. उरतो तो आकार आणि उडण्याची ढब. बाजांचे पंख रुंद, शेपूट आखूड. ससाण्यांचे पंख टोकदार. शिकऱ्याच्या कुळातले पक्षी आखूड पंखांचे आणि लांब शेपटीचे. ते दोन-चार वेळा भराभर पंख मारतात, थोडं घसरतात, पुन्हा पंख मारतात. टर्की व्हल्चर पंख वर उचलून धरतं आणि उडताना डुलत राहतं. मासे खाणाऱ्या ऑस्प्रेचे पंख मध्ये मोडल्यासारखे दिसतात. सराव झाला की जात आधी ओळखू येते, कारण मागून सुचतं.

काही जोड्या मात्र वर्षानुवर्षं छळतात. शार्प-शिन्ड हॉक आणि कूपर्स हॉक हे दोघे एकाच घडणीचे, एक लहान, एक मोठा. पण एकट्या पक्ष्याचा आकार आकाशात कळत नाही. मग डोकं पंखांच्या पुढे किती निघालंय, शेपटीचं टोक सरळ कापल्यासारखं आहे की गोलसर, हे बघायचं. तेवढ्यात तो धारेमागे गेलेलाही असतो.

अशा वेळी वहीत लिहायचं ‘अनोळखी’. मला या मोजणीतली सर्वांत आवडणारी नोंद ही आहे. एखाद्या ठिकाणच्या तक्त्यात अनोळखी पक्षी जवळजवळ नसतीलच, तर तिथले मोजणारे फार हुशार आहेत असं समजण्यापेक्षा ते अंदाजपंचे नावं देत असावेत, अशी शंका मला येते.

पक्ष्यांबरोबर दर तासाला वाऱ्याची दिशा आणि वेग, तापमान, ढग, दृश्यमानता, मोजणारे किती होते, हेही लिहितात. हे कंटाळवाणं काम टाळलं तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. एका डोळ्यांच्या जोडीने मोजलेले शंभर आणि सहा जोड्यांनी मोजलेले शंभर सारखे नसतात. एकही पक्षी न दिसलेला तासही नोंदवायचा असतो, कारण पक्षी नव्हते म्हणून शून्य आणि माणूस नव्हता म्हणून शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बंदुकीच्या जागी वही

वाऱ्यामुळे पक्षी धारेवर डोळ्यांच्या पातळीला येतात, हे मोजणाऱ्यांच्या आधी शिकाऱ्यांना कळलं होतं. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचे आणि शिकारीयोग्य पक्ष्यांचे शत्रू, अशी त्या काळी सर्रास समजूत होती. पेन्सिल्व्हेनिया सरकार १९२९ पासून गॉशहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला ५ डॉलर बक्षीस देत असे. शरदात लोक याच खडकांवर बंदुका घेऊन बसत. १९३२ साली रिचर्ड पॉ या तरुणाने मेलेल्या पक्ष्यांच्या रांगा मांडून त्यांचे फोटो काढले. ते न्यूयॉर्कच्या रोझली एज यांच्यापर्यंत पोचले. एज बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत मुरलेल्या होत्या. समित्या आणि ठराव यांवर त्यांचा फारसा विश्वास नसावा, कारण १९३४ साली त्यांनी सरळ डोंगरावरची सुमारे चौदाशे एकर जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि पुढे विकतच घेतली. राखणीला मॉरिस ब्राऊन आणि त्यांच्या पत्नी अर्मा यांना नेमलं. रस्त्यावर बंदूकवाल्यांना अडवायचं काम बरंचसं अर्माबाईंच्या वाट्याला आलं, आणि मॉरिस वर खडकावर पक्षी मोजू लागले.

त्या वह्यांचा खरा उपयोग वीस-पंचवीस वर्षांनी झाला. बाल्ड ईगल या गरुडाचं डोकं पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, त्याआधी तो गडद तपकिरी दिसतो. म्हणजे तरुण कोण आणि प्रौढ कोण, हे लांबूनही सांगता येतं. ब्राऊन यांच्या नोंदींनुसार १९३५ ते १९३९ या वर्षांत दिसलेल्या बाल्ड ईगलमध्ये ४० टक्के पहिल्याच वर्षाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं, आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच तरुण गरुड दिसला. रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या पुस्तकात कीटकनाशकांविरुद्धचा पुरावा म्हणून हेच आकडे वापरले. पुढे संशोधनातून कारण स्पष्ट झालं. डीडीटी या कीटकनाशकापासून शरीरात तयार होणाऱ्या रसायनामुळे अंड्यांची कवचं पातळ होत होती आणि अंडी उबवताना फुटत होती. अमेरिकेत १९७२ साली डीडीटीच्या वापरावर बंदी आली.

या उदाहरणात एक बारकावा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. ब्राऊन यांचा पुरावा ‘गरुड कमी झाले’ असा नव्हता. गरुड दीर्घायुषी असतात, पिल्लं होणं थांबलं तरी प्रौढ पक्षी कितीतरी वर्षं दिसत राहतात. नुसती एकूण संख्या बघणाऱ्याला धोका उशिरा कळला असता. शिवाय प्रमाण हे संख्येपेक्षा भरवशाचं असतं. एखाद्या वर्षी वारा वाईट पडला, तर तरुण आणि प्रौढ दोघेही कमी दिसतील, पण त्यांचं आपसातलं गुणोत्तर फारसं ढळणार नाही.

आकडा घसरला म्हणजे पक्षी घटले?

घाईने ‘हो’ म्हणू नये. समजा, एका ठिकाणी एका वर्षी ब्रॉड-विंग्ड हॉक तीन हजार दिसले आणि पुढच्या वर्षी बारा हजार. हा पक्षी वर्षातून एकदा दोन-तीन अंडी घालतो. एका वर्षात चौपट होणं शक्यच नाही. बदललेला असतो तो वारा. मंद वाऱ्याच्या, कडक उन्हाच्या दिवसांत थर्मल सगळीकडे मिळतात, मग डोंगर धरून जायची गरज उरत नाही आणि थवे दरीवरून, मैदानावरून पसरून निघून जातात. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून आनंद किंवा शोक करू नये. दहा-वीस वर्षांत चांगले-वाईट वारे एकमेकांना खोडून काढतात. अनेक डोंगरांचे आकडे एकत्र ठेवले की चित्र आणखी स्वच्छ होतं. उत्तर अमेरिकेत १९७४ साली मोजणी करणाऱ्यांची संघटना उभी राहिली, सगळीकडे एकाच नमुन्याचे तक्ते भरायचं ठरलं, ते यासाठीच.

पण वीस वर्षांची सलग घसरणही फसवू शकते. रेड-टेल्ड हॉक हा तिथला अगदी नेहमीचा बाज. पूर्वेकडच्या अनेक डोंगरांवर त्याचे आकडे खाली आले. दुसरीकडे, हिवाळ्यातल्या पक्षिगणनेत उत्तरेकडच्या राज्यांत तोच पक्षी पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागला. हिवाळे सौम्य झाले, बर्फ कमी पडलं, उंदीर-घुशी उघड्यावर मिळत राहिल्या, मग दक्षिणेला जायचं कशाला? पक्षी आहेत, पण ते डोंगरापर्यंत येतच नाहीत. अमेरिकन केस्ट्रेल या छोट्या ससाण्याचे आकडेही अनेक ठिकाणी घसरले. तिथे मात्र घरट्यांच्या पेट्यांवरच्या आणि विणीच्या हंगामातल्या नोंदीही बऱ्याच भागांत तेच सांगतात, त्यामुळे ती घट खरी मानतात. दोन्ही पक्ष्यांचा डोंगरावरचा आलेख दिसायला सारखाच, अर्थ मात्र वेगळे, आणि ते वेगळेपण डोंगरावर बसून कधीच कळलं नसतं. पाठीवर बसवलेले छोटे उपग्रह-ट्रान्समीटर एकेका पक्ष्याची पूर्ण वाट दाखवतात, रडारला रात्रीचे आणि फार उंचावरचे थवेही दिसतात. पण ट्रान्समीटर बसवलेले पक्षी मूठभर आणि रडारला जात ओळखता येत नाही. त्यामुळे खडकावरच्या माणसाची नोकरी अजून शाबूत आहे.

सध्या सर्वांत अवघड प्रश्न हंगामाच्या कडांचा आहे. गोल्डन ईगल नोव्हेंबरात जातात, रेड-टेल्ड ऑक्टोबरच्या शेवटापासून. हिवाळा उशिरा येऊ लागला आणि हे पक्षी उशिरा निघू लागले, तर १५ डिसेंबरला दुर्बीण बंद केल्यावर जे जातील ते कुठेच नोंदले जाणार नाहीत आणि कागदावर ती घट दिसेल. तारीख पुढे न्यावी, तर नव्या वर्षांत जास्त दिवस मोजणी होणार आणि जुन्या वर्षांशी तुलना बिघडणार. यावर वाट एकच आहे: वाढवलेले दिवस मोजायचे, पण वेगळे ठेवायचे. १९५० शी तुलना करताना फक्त दोन्हीकडे मोजलेले दिवस धरायचे, आणि उशिराच्या पक्ष्यांसाठी दुसरा आलेख आजपासून सुरू करायचा. त्या दुसऱ्या आलेखाला काही अर्थ यायला आणखी वीसेक वर्षं लागतील.